आधी नमस्कार, मग मुद्दा

११ मार्च

ग्रंथालयात मला इंग्रजी शिकवणाऱ्या ब्रॅनिगनबाईंनी सांगितलंय, रोज काहीतरी लिही. कुठल्याही भाषेत लिही, पण लिही. त्याने हात सैल होतो म्हणे. दिवसभर कत्तलखान्यात सुरी चालवून माझा हात इतका सैल होतो की संध्याकाळी बटाट्यात काटा घुसत नाही, पण बाईंशी वाद कोण घालणार. मी आपलं आमच्या सामोअन भाषेत लिहिणार. बाईंना सामोअन येत नाही, म्हणजे त्यांच्याबद्दल काय वाट्टेल ते लिहायला मी मोकळा. तर पहिली नोंद: बाईंच्या स्वेटरला मांजराचा वास येतो.

हे सगळं ट्रेव्हमुळे सुरू झालं. ट्रेव्ह टुवूम्बा शहराहून आमच्या कोल्ड रूमची यंत्रं दुरुस्त करायला येतो. मागच्या महिन्यात यंत्र बंद पडलं, अख्ख्या खोलीतलं गोमांस घामेजायला लागलं, आणि मी सहज म्हटलं की आवाज डावीकडून वेगळा येतोय. डावीकडेच निघालं. ट्रेव्ह म्हणाला, "मोन्या, तुला कान आहेत रे. आमच्या कंपनीला शिकाऊ माणूस हवाय. पण एक इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल." बोलणं, ऐकणं, वाचणं जमून जाईल. लिहिण्यात माझं भजं होतंय. जुलैत इथला करार संपतो. तोवर परीक्षा निघाली तर टुवूम्बा आणि यंत्रं. नाही निघाली तर विमानात बसून परत बेटावर, गावाला, अळूच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात. आठवीतून सुटल्यावर मी तेच करत होतो. अळूला माझी घाई नाही. मला मात्र अळूची अजिबात हौस नाही.

१३ मार्च

पहिला निबंध लिहिला. विषय: दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालावी का? अडीचशे शब्द.

मी नीट, रीतसर सुरुवात केली. रात्र सुखरूप गेली, तुमची नि माझी गाठ पडली, त्याबद्दल देवाचे आभार. मग परीक्षकांच्या वाडवडिलांना नमस्कार, ते कोण होते ते मला ठाऊक नसल्याबद्दल क्षमा. मग ग्रंथपालबाईंच्या कृपेने हे टेबल मिळालं त्याचे आभार. मग मी कोण लहान तोंडी मोठा घास घेणारा, माझ्यापेक्षा जाणते लोक या गावात असताना पिशव्यांवर बोलायची माझी काय लायकी, वगैरे. झकास जमलं होतं. फक्त तेवढ्यात शब्द संपत आले. मग शेवटी एक वाक्य लिहिलं: "म्हणून पिशव्या वाईट."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावला.

"फिलेमोनी, तुझं मत कुठे आहे?"

"आहे की बाई. खाली."

"ते वर हवं. अगदी पहिल्या परिच्छेदात."

म्हणजे दार न ठोठावता घरात शिरायचं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांड्याचं झाकण उचलायचं! आमच्याकडे कुणी असं बोललं तर त्याला बाहेर नेऊन शहाणं करतात. बाई म्हणाल्या, परीक्षकाकडे वेळ नसतो. वेळ नसलेल्या माणसाशी बोलायचंच कशाला, मी मनात म्हटलं.

जाताना त्यांनी तो कागद मागून घेतला. म्हणाल्या, "माझ्या वडिलांची चौकशी कुणी करून किती वर्षं झाली." टोमणा असणार. वडील बहुतेक मास्तरच असतील, त्यांनाही असली पोरं भेटली असतील.

१६ मार्च

रविवार. चर्च, मग जेवण. नारळाच्या दुधातली अळूची पानं, भाजलेलं डुक्कर आणि पिसुपोचा डबा. आठवडाभर ताजं मांस कापायचं आणि रविवारी डब्यातलं खारवलेलं गोमांस चवीने खायचं, ही आमची अक्कल.

मामाला निबंधाचं सांगितलं. पेलेनाटो मामा इथे कत्तलखान्यात कातडी मिठात लोळवतो, पण गावी तो तुलाफाले आहे. म्हणजे सरदार बसतात आणि त्यांच्या वतीने हा उभा राहून बोलतो. इथल्या चर्चमध्येही पाहुणे आले की हाच उठतो. त्याच्या भाषणात दोनदा डुलकी काढता येते आणि तरी महत्त्वाचं काही हुकत नाही.

"वाचून दाखव," मामा म्हणाला.

"तूच वाच ना. हा घे कागद."

"लिखाण कानाने तपासायचं असतं, गाढवा. डोळ्याला काय कळतंय? वाच."

नेहमीचंच. कंपनीची नोटीस असो, औषधाची बाटली असो, पडल्या पडल्या हुकूम सोडायचा, वाच रे मोनी. सरदारांबरोबर राहून बसल्या जागी सगळं मागायची सवय लागलीय.

वाचलं. मामा खूश. मग म्हणाला, "पण सकाळी कुठायत?" भाषणात आधी आभाळ निवळायचं, मग आपल्या इतिहासातल्या मोठ्या सकाळी आठवायच्या, मग मानाची नावं घ्यायची, मग आभार, आणि अगदी शेवटी मुद्दा.

"बाई म्हणतात, मुद्दा आधी."

"मुद्द्याचं काय एवढं? तो सगळ्यांना आधीच माहीत असतो." मामाने डुकराची कातडी कुरकुरवली. "लग्नाला आलेल्याला लग्न आहे हे माहीत नसतं का?"

"पिशव्यांच्या सकाळी कुठून आणू मी?"

मामी आतून ओरडली, "त्याला परीक्षा द्यायचीय, राज्याभिषेक नाही करायचाय!"

२५ मार्च

आज 'आम्ही'वरून भांडण. मी लिहिलं होतं, 'आम्हाला असं वाटतं की'.

"आम्ही म्हणजे कोण?" बाई.

"मी. मामा. मामी. गावाकडचे."

"तू गावाला विचारलंस?"

"त्यांना सोडून नुसतं 'मी' लिहिलं तर मग काय म्हणतील?"

"फिलेमोनी, परीक्षकाला वाटेल तुला कुणीतरी निबंध लिहून दिलाय. लिही: मला वाटतं."

लिहिलं. एकटं 'मी' ओळीच्या सुरुवातीला, तेही इंग्रजीत, तिथे तर ते नेहमीच मोठं अक्षर. खांबासारखं. छाती काढून उभं. मला आपलंच हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. वर बघितलं तर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "मला तर गेली काही वर्षं दुसरं काही लिहायचं कारणच पडत नाही." काय बोलतात काही कळत नाही. वर्ग संपला तरी अर्धा तास थांबवून घेतात. घरी मांजराला भूक लागत नसेल का?

३ एप्रिल

मांस कापताना परिच्छेद समजला. खरंच. गाय टांगलेली असते तेव्हा ती नुसती गाय असते, कुणाच्या ताटात जात नाही. तिचे आधी दोन भाग, मग चार, मग एकेक तुकडा आपापल्या ट्रेमध्ये. मांडीच्या ट्रेमध्ये बरगडी टाकली की मुकादम ओरडतो. बाई तेच सांगतायत: एका परिच्छेदात एकच गोष्ट. आणि सुरी लावायच्या आधी कुठे कापायचं ते बघून घ्यायचं, म्हणजे तो त्यांचा लाडका आराखडा. पाच मिनिटं आराखडा, मग लिहिणं.

धावत जाऊन बाईंना सांगितलं. आतडी आधी बाहेर काढायची, नाहीतर सगळं नासतं, हे पण सांगितलं, हातवारे करून. बाई पांढऱ्या पडल्या. बाई शाकाहारी आहेत! ज्या गावात निम्म्या घरांची चूल कत्तलखान्यावर पेटते त्या गावात ही बाई पालेभाजी खाऊन राहते. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उपमा उत्तम आहे. पुन्हा देऊ नकोस."

९ एप्रिल

काही नाही. वासरं.

२२ एप्रिल

सराव परीक्षा. लिखाणात नऊपैकी सहा लागतात, साडेपाच आले. बाई म्हणतात मी आता आराखडा बरा करतो, पण लिहिताना घाबरून पुन्हा नमस्कार घालायला लागतो. "मुद्दा आधी. बोलताना, जेवताना, झोपताना. तुला सवय होईपर्यंत." मी बाईंनी दिलेल्या पिवळ्या पट्टीवर लिहून भिंतीला लावलंय. मामीने विचारलं काय लिहिलंय. मामा म्हणाला, "बायबलमधलं काहीतरी असेल." समोरच बसला होता, मान वर करून बघायची तसदी नाही.

२७ एप्रिल

कसं लिहू. लिहितो.

आज इप्सविचहून चर्चचं गायकमंडळ पाहुणं आलं. मोठ्यांच्या वतीने मामा बोलणार होता, आणि तरुणांच्या वतीने दोन शब्द मी बोलावेत असं मामानेच ठरवलं. मला वाटतं गेलं वर्षभर त्याच्या मनात होतं. त्याने मला कमरेला आपला इस्त्रीचा लावालावा नेसवला, गळ्यात माळ घातली. मी ब्रॅनिगनबाईंनाही बोलावलं होतं. त्या मागे खुर्चीत बसल्या होत्या, ताटात नुसती अळूची पानं.

मामाचं झालं. सुंदर बोलला, मधे जाग होती तेवढं ऐकलं. मग मी उठलो. दीडशे माणसं. डोक्यात आभाळ नाही, सकाळी नाहीत, नावं नाहीत. डोक्यात फक्त बाईंची पिवळी पट्टी: मुद्दा आधी.

आणि मी म्हणालो, "आज मी तुम्हाला तीन गोष्टी सांगणार आहे." बोटं वर केली. "पहिली, जेवण कमी पडलंय, कारण तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त आलात. दुसरी, त्यामुळे डुक्कर आधी म्हाताऱ्यांना मिळेल. तिसरी, तरीसुद्धा आम्हाला आनंद झालाय. आता पहिल्या गोष्टीकडे वळू."

वळलो. पहिल्या गोष्टीला उदाहरणसुद्धा दिलं. समोरच्या रांगेतल्या, वरच्या पट्टीत गाणाऱ्या जाड्या गायकाचं.

सगळा हॉल थंड. पोरांनी रडणं थांबवलं. पास्टरसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. पाहुण्यांच्या बाजूने एक म्हातारी बारीक आवाजात हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मामाचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नाही. मी म्हणालो, "थोडक्यात सांगायचं तर, स्वागत," आणि खाली बसलो.

त्या शांततेत मागून टाळ्या. एकट्या. ब्रॅनिगनबाई उभ्या राहून वाजवत होत्या. शब्द एकही कळला नव्हता, पण बोटं मोजलेली दिसली होती, आणि वळण आणि समारोप ओळखू आला होता. डोळे भरून आलेले. हात थांबेनात.

मग मामा उठला. माझ्या तीन गोष्टींसाठी त्याने किती माफ्या मागितल्या ते सांगत नाही. आमच्याकडे मोठ्या अपराधाला कुटुंबातला मोठा माणूस दारात चटई पांघरून बसतो. मामाने तेवढं फक्त बाकी ठेवलं, तेही चटईवर पाहुणे बसले होते म्हणून.

३० एप्रिल

मामा बोलत नाही.

"मामाला विचार मीठ हवंय का," मी मामीला म्हणालो.

"मीठ हवंय का विचारतोय."

"त्याला सांग, त्याच्यामुळे तोंडाला चव राहिली नाही."

"नकोय म्हणतो," मामी म्हणाली.

कत्तलखान्यात बातमी पसरलीय. आता कुणीही सुट्टी मागायला आलं की तीन बोटं वर करतं. ट्रेव्ह पोट धरून हसला. मग म्हणाला, "मोन्या, चांगला निबंध होता रे तो." त्यालाही बाईंनीच सांगितलं असणार.

८ मे

बाईंच्या घरी गेलो होतो पुस्तक आणायला. फ्रिजवर चुंबकाने माझा तो पिशव्यांचा पहिला निबंध चिकटवलाय! मांजरासमोर माझी शोभा. धडा शिकवायची प्रत्येकाची पद्धत असते. फ्रिज मात्र आवाज करत होता, मागची जाळी साफ करून दिली.

अजून साडेपाच. पुढच्या शनिवारी खरी परीक्षा. मामाशी वाकडं, बाईंकडे पेपर वाकडे. अळूची स्वप्नं पडायला लागलीत.

१७ मे

ब्रिस्बेनला बस पकडायची म्हणून पहाटे उठलो तर मामा गाडीत बसलेला. चकचकीत आंघोळ, चर्चचा शर्ट. काच खाली करून म्हणाला, "बस उशिरा येते." हे गेल्या तीन आठवड्यांतलं त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. मग थांबलाच नाही. पोटात अन्न असल्याशिवाय अक्षर उमटत नाही, डावीकडे ती नदी, तिच्यासारखी आपल्याकडे नाही, परीक्षकाकडे बघून हस, पण दात दाखवू नकोस.

शहरात शिरल्यावर नेहमीचं सुरू. गाडी हा चालवणार आणि पाट्या मी वाचायच्या. "काय लिहिलंय? आणि त्यावर? नीट वाच." जणू त्याच्या मोटारीत मी पाट्या वाचायला ठेवलेला नोकर. एका चौकात मी फोनमध्ये बघत होतो तर हा हिरवा दिवा पडला तरी उभाच राहिला, मागचे हॉर्न वाजवतायत. "वाच ना रे," म्हणाला. आवाज थोडा कापला. मी म्हटलं माझ्यापेक्षा यालाच परीक्षेची भीती जास्त.

पेपर. विषय: म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळ राहावं, की स्वतंत्र? दोन्ही बाजू सांगा, मग स्वतःचं मत.

हात थेट नमस्काराकडे गेला. थांबवला. मग असं केलं: डोळे मिटून मनातल्या मनात सगळं केलं. देवाचे आभार, परीक्षकाचे वाडवडील, या खुर्चीचे, या पंख्याचे, ज्याने मला इथवर आणलं त्याचे. मग डोळे उघडून आराखडा काढला. चार ट्रे. पहिल्या ओळीत उभं केलं ते खांबासारखं 'मी'. मला वाटतं की. माझं मत आधी. मग एक बाजू, मग दुसरी, आणि दुसऱ्या बाजूला चाचपडत असताना उदाहरण लागलं तर मामाचं घातलं, नाव न घेता: एका माणसाला जवळ कुणी असलं की तो स्वतः काहीच करत नाही, सगळं दुसऱ्याकडून वाचून घेतो. चांगलं बसलं उदाहरण. शेवटी सवयीने 'चूकभूल माफ असावी' लिहिलं. समारोपात नवीन काही आणायचं नसतं. खोडायला लागलो आणि वेळ संपली. अर्धं खोडलेलं, अर्धी माफी तशीच.

बाहेर मामा फुटपाथवर उभा. "मुद्दा आधी लिहिलास?"

"हो."

त्याने तोंड आंबट केलं आणि मला मासे आणि बटाट्याचे काप घेऊन दिले. दुकानात भिंतभर फळा होता खाण्याचा. त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "जे तू घेशील तेच मला."

३० मे

सुट्टीच्या भोंग्यानंतर फोनवर निकाल आला. कोल्ड रूमच्या दाराशी उभा राहून उघडला. लिखाण: सहा. जेवढे लागतात तेवढेच, एक दाणा जास्त नाही. अर्ध्या माफीचे कापले असतील किंवा दिले असतील.

ट्रेव्हला फोन केला. "सोळा जूनला ये," तो म्हणाला, "आणि जाड जाकीट आण, तिकडे थंडी आहे." बाईंना सांगायला ग्रंथालयात गेलो. त्या "शाब्बास" म्हणाल्या आणि लगेच विचारलं, मंगळवारी तरी येशील ना, अजून स्वल्पविराम राहिलेत. परीक्षा झाली बाई, मी म्हटलं. "स्वल्पविराम परीक्षेसाठी नसतात," म्हणाल्या. येईन म्हणालो. काय बिघडतंय, मंगळवारच आहे.

घरी सांगितलं नाही. मामा दमलेला होता.

४ जून

आजही सांगितलं नाही. मामाने विजेचं बिल वाचायला दिलं. मग त्याच्या गुडघ्याच्या डॉक्टरचा कागद. सावकाश वाचला, दोनदा.

८ जून

रविवार. आज सांगायचंच ठरवलं. जेवण झालं होतं, मामा चटईवर मांडी घालून कोको पीत होता. आराखडा तयार होता: मुद्दा पहिल्या वाक्यात. मामा, सोळा तारखेला मी टुवूम्बाला चाललो. एवढंच.

समोर बसलो. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "रात्रीचं आभाळ निवळलं, त्या देवाचे आभार."

मामाने कप खाली ठेवला. पाठ सरळ केली. वरचं बटण लावलं.

मग मला थांबता येईना. आमच्या गावाची नावं घेतली, मानाच्या क्रमाने, एकही चुकलं नाही, कुठून आठवली देव जाणे. सकाळी घेतल्या. पहिल्यांदा मी विमानतळावर उतरलो आणि हा माणूस चुकीच्या दारापाशी उभा होता ती सकाळ घेतली. ब्रिस्बेनची घेतली. मामीच्या हाताचे आभार, कातड्यांच्या मिठाचे आभार, या घराच्या छपराचे. मी कोण, लहान तोंडी मोठा घास घेणारा. मुद्दा जवळ आला की मी अजून एक नमस्कार शोधायचो.

मी थांबलो तेव्हा मामाने उत्तर सुरू केलं. रीतसर, पाहुण्याला देतात तसं. मला. माझ्या बोलण्याचा मान राखला, माझ्या आईच्या घराण्याचा राखला, यंत्रांचा राखला, टुवूम्बाच्या डोंगराचासुद्धा राखला. मी टुवूम्बा म्हणालोच नव्हतो. आवाज त्याचा हॉलमध्ये लागतो तसा, पण खोली एवढीशी. कोकोवर साय धरली.

आतून मामी ओरडली, "अरे, कधी जातोयस ते एकदा सांग रे! चादरी धुवायच्यात मला!"

मामाने घसा साफ केला.

"माझे आभार अजून व्हायचेत," तो तिकडे बघून म्हणाला, आणि पुढे सुरू झाला.

मी मांडी बदलून नीट बसलो.